बॅरिअ‍ॅट्रिकनंतर वजन परत चढलंय: डाएट, इंजेक्शन, एंडोस्कोपी की दुसरी सर्जरी?

वजन कमी करायच्या (बॅरिअ‍ॅट्रिक) सर्जरीनंतर काटा सगळ्यात खाली जिथे टेकला, तो आकडा कायमचा राहत नाही. दीड-दोन वर्षांनी वजन तळाला जातं आणि तिथून थोडं वर येतं, हे जवळपास सगळ्यांचं होतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसलं, बायपास (जठराचा छोटा पाऊच, म्हणजे पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात) केलेल्यांचं वजन दोनेक वर्षांत सुमारे ३२ टक्के उतरलं होतं आणि दहा वर्षांनी बघितलं तर मूळ वजनापेक्षा साधारण २५ टक्के कमी. म्हणजे १२० वरून ७८ आणि आता ८३ असेल तर झोप उडवून घेऊ नका. ७८ चे ९५ झालेत आणि काटा अजून चढतोच आहे, तर पुढचं वाचा.

मी स्वतः स्लीव्हवाली, म्हणजे जठराचा बराच भाग कापून नळीएवढं ठेवलेली, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते लपणार नाहीच. पण चार पर्यायांतून एक निवडायचा तर आधी वजन का वाढलं ते शोधा. आपल्याकडे होतं काय की भूक मारणाऱ्या इंजेक्शनचं नाव घेऊन माणूस थेट विचारतो, 'मौंजारो घेऊ का?' आणि समोरचा पण थेट 'घ्या' म्हणतो.

घरच्या घरी एक गोष्ट बघता येते. निवांत बसून भाकरी आणि कोरडी मटकीची उसळ खा, नाहीतर चिकन सुकं, सोबत पाणी-ताक काही नको. अर्ध्या भाकरीत पोट गच्च झालं तर जठर बऱ्यापैकी काम करतंय. मग वजन कशाने वाढतंय? चिवडा, शेव, चहात बुडवलेली बिस्किटं, आइस्क्रीम, आमरस, साबुदाण्याची खिचडी. हे सगळं मऊ होऊन सरकत सरकत खाली जातं, पोट भरल्याचं कळतच नाही. ऑफिसात चार वाजता चहाबरोबर डबा फिरतो ना, त्यातलं मूठ-मूठ उचलणं दिवसाच्या जेवणाएवढं होतं, आणि विचारलं तर आपण म्हणणार की मी तर जेवतच नाही. दारूचंही तसंच, बायपासनंतर ती पटकन चढते आणि कॅलरी मोजायची आठवण कुणाला राहते. उलट दोन भाकऱ्या आरामात जात असतील तर आत काय झालंय ते डॉक्टरांकडून तपासून घ्या, एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे. सोबत थायरॉइड, शुगर, आणि मधल्या काळात सुरू झालेली औषधं. स्टेरॉइड, इन्सुलिन, डिप्रेशनच्या काही गोळ्या वजन वाढवतात. औषध मनाने बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा.

डाएटवर परत येणं सगळ्यात स्वस्त, आणि बाकी काहीही निवडलं तरी हे करावंच लागतं. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन, म्हणजे अंडी, पनीर, मासे, उसळी, ताटातलं हे आधी संपवायचं आणि भात शेवटी. जेवताना पाणी नाही. येता-जाता तोंडात टाकणं बंद. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचलायची, नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. कुणाला पुरेल? पाच-सात किलो वाढलेत, भूक ताब्यात आहे आणि चांगल्या सवयी सुटल्यात, त्यांना. ज्यांना जेवल्यावर तासाभरात परत कडकडून भूक लागते त्यांना 'मन घट्ट करा' सांगणं मला पटत नाही, ती भूक हार्मोनची असते. 'दोन दिवस नुसत्या लिक्विडवर राहून पाऊच परत लहान करा' हे जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं त्याने जठर आकसत नाही, फार तर खाण्याला ब्रेक लागतो.

इंजेक्शनांनी गेल्या काही वर्षांत चित्र बदललंय. लंडनच्या एका ट्रायलमध्ये, २०२३ साली आलेल्या, सर्जरीचा नीट फायदा न झालेल्यांना लिराग्लुटाइड दिलं तर २४ आठवड्यांत सरासरी ८.८ टक्के वजन उतरलं आणि डमी इंजेक्शनवाल्यांचं जवळपास हललंच नाही. ते तर जुनं, रोज टोचायचं औषध. आठवड्याला एकदाचं सेमाग्लुटाइड आणि टिरझेपाटाइड त्याहून जोरदार आहेत, सर्जरी न झालेल्यांमध्ये साधारण १५ आणि २० टक्क्यांपर्यंतचे आकडे आलेत. भारतात मौंजारो, म्हणजे टिरझेपाटाइड, मार्च २०२५ मध्ये आलं तेव्हा २.५ मिलिग्रॅमची वायल ३,५०० आणि ५ ची ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला चार धरा आणि हिशोब करा. वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड, त्याच वर्षी जूनमध्ये आलं. सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे देशी कंपन्यांच्या औषधाचा भाव आधी विचारा आणि मग ठरवा.

पण दोन गोष्टी कुणी धड सांगत नाही. एक, औषध थांबवलं की वजन परत येतं, सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलंय, म्हणून 'तीन महिन्यांचा कोर्स' हा प्रकारच नाही. दुसरी आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. आपलं खाणं आधीच कमी, त्यात भूक मेली की प्रोटीन आणि व्हिटॅमिन आणखी घसरतात, आणि उलट्या चालूच राहिल्या तर बी-१ इतकं खाली जाऊ शकतं की नसांवर आणि मेंदूवर परिणाम होतो. उलट्या दोन दिवसांवर गेल्या तर घरी वाट बघत बसायचं नाही. सुरू करण्याआधी बी-१२, आयर्न, डी तपासा. पँक्रिआटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन गेलाय, घरात मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर आहे किंवा बाळाचा विचार चालू आहे तर आधी डॉक्टरांशी स्पष्ट बोला.

एंडोस्कोपीने टाके घालणं हा मधला रस्ता. बायपासनंतर पाऊच आणि आतड्याचा जोड सैल होऊन रुंद झाला असेल तर तोंडातून नळी घालून तो टाक्यांनी किंवा आर्गॉन गॅसच्या शेकाने अरुंद करतात, पोटावर कट नाही. कारण नेमकं तेच असेल तर चांगलं आहे. स्लीव्हमध्येही आतून टाके घालतात, पण खूप किलो कमी व्हायची आशा धरून जाऊ नका, आणि जिथे करायचं तिथे आजवर किती केले ते विचारायला लाजू नका.

राहिली दुसरी सर्जरी. स्लीव्हचं बायपास किंवा मिनी बायपास (आतड्याला एकच जोड असलेला प्रकार), हे आपल्याकडे सर्रास सुचवलं जातं. पहिल्या सर्जरीपेक्षा ही अवघड असते, आत सगळं चिकटलेलं असतं, धोका जास्त आणि वजन पहिल्याइतकं उतरत नाही, शिवाय व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर आणखी काटेकोर. तरीही एका गटाला मी बिनधास्त म्हणेन की सर्जनकडेच जा: स्लीव्हनंतर ज्यांची अ‍ॅसिडिटी गोळ्यांनी पण थांबत नाही, रात्री घशाशी आंबट येऊन जाग येते, उशीला टेकून बसून झोपावं लागतं. इंजेक्शनने जठर आणखी हळू रिकामं होतं, त्यामुळे असा त्रास वाढूही शकतो. बायपासने जळजळ आणि वजन दोन्ही सुधारू शकतात. मात्र त्यांच्यासाठी मिनी नको, त्यात पित्त वर यायची शक्यता राहते, साधा रू-एन-वाय, म्हणजे दोन जोडांचा बायपास बरा. अन्ननलिकेची एंडोस्कोपी झाल्याशिवाय ऑपरेशन थिएटरमध्ये जायचंच नाही.

माझं मत विचाराल तर अ‍ॅसिडिटी नाही, जठर शाबूत आहे, पण भूक आवरत नाही, अशा माणसाने आधी डाएट आणि इंजेक्शन सहा महिने करून बघावं. ऑपरेशन नंतरही करता येतं, झालेलं मागे घेता येत नाही. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या वर गेलाय आणि शुगर बेताल आहे त्यांचा हिशोब वेगळा, तिथे सर्जरी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

पैशाचं एक. मेडिक्लेमच्या ठराविक अटींनुसार वजनाची सर्जरी बीएमआय ४० असेल, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार असेल, तरच कव्हर होते. वजन परत वाढलेले बरेच जण ३२-३४ वर असतात, म्हणजे नेमके बाहेर. सर्जन अ‍ॅसिडिटी किंवा हर्नियासाठी (जठर छातीकडे वर सरकणं) ऑपरेशन करणार असेल तर टीपीएकडून (विमा कंपनीचे क्लेम बघणारी संस्था) आधी लेखी होकार घ्या, काउंटरवरच्या 'होऊन जाईल'वर जाऊ नका. इंजेक्शनं तर बहुतेक पॉलिसींमध्ये खिशातूनच.

आणि अपॉइंटमेंटच्या आधी जुन्या हॉस्पिटलकडून ऑपरेशन नोट्स मागून घ्या, नुसती डिस्चार्ज समरी नको. आतड्याची किती लांबी बायपास केली, हर्निया तेव्हा शिवला होता का, हे त्यातच असतं. मला ती कॉपी मिळवायला तीन फेऱ्या आणि एक अर्ज लागला, म्हणून आजच फोन लावा.