आयएसडी की क्रॉस चार्ज? मुख्यालय आणि शाखांमधला जीएसटीचा वाद

एकाच कंपनीच्या दोन राज्यांतल्या नोंदण्या जीएसटी कायद्याला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. मुख्यालयाचा खर्च शाखांच्या नावे कसा टाकायचा, हा वाद इथूनच सुरू होतो.

बाहेरून घेतलेली सामायिक सेवा, म्हणजे ऑडिटरची फी किंवा सॉफ्टवेअरचं लायसन्स, असेल तर आयएसडी (इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर): त्या बिलावर भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मुख्यालय शाखांना वाटून देतं. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते, दरमहा १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-६ हे विवरणपत्र भरावं लागतं आणि क्रेडिट उलाढालीच्या प्रमाणात वाटलं जातं. काम किचकट, पण मूल्यांकनाची भानगड नाही. १ एप्रिल २०२५ पर्यंत हा मार्ग ऐच्छिक होता. आता सक्तीचा आहे.

क्रॉस चार्ज मुख्यालयाने स्वतः पुरवलेल्या सेवांसाठी: एचआर, हिशेब, आयटी. मुख्यालय शाखेला बिल देतं, कर भरतं. खरी डोकेदुखी रकमेची. शाखेला पूर्ण क्रेडिट मिळत असेल, तर बिलातली रक्कम हेच बाजारमूल्य मानलं जातं. जुलै २०२३ च्या जीएसटी परिपत्रकाने तर बिलच नसल्यास मूल्य शून्य धरायलाही वाव दिला. शाखेचा व्यवसाय करमुक्त असेल, उदाहरणार्थ रुग्णालय, तर ही सवलत नाही. कर खात्याच्या नोटिशीची भीती तिथे जास्त. तरीही मुख्यालयातल्या कर्मचाऱ्यांचा पगार मूल्यात धरण्याची सक्ती नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे. नोटिशीला उत्तर देताना हा मुद्दा मी सगळ्यात आधी मांडेन.

बहुतेक कंपन्यांना दोन्ही लागतात. बाहेरची बिलं आणि घरची कामं यांची खाती मात्र पहिल्यापासून वेगळी ठेवा.