लोखंडी बंपर आणि पुढचं सस्पेन्शन: नऊ महिने, 14,000 किलोमीटर

गेल्या दिवाळीआधी माझ्या पिकअपला जाड पत्र्याचा लोखंडी बंपर बसवून घेतला. दिंडोरी रोडला रात्री गाय आडवी आली होती. कंपनीचा बंपर, ग्रिल, एक हेडलाइट सगळं गेलं. आमचं काम द्राक्षाचं. सीझनला आठवड्यातून तीन खेपा वाशीला, आणि निघायचं रात्रीच. म्हटलं, एकदाच मजबूत काम करून टाकू.

बसवण्याआधी बंपर कांद्याच्या काट्यावर ठेवला. 72 किलो. जुना 12 किलोचा. म्हणजे 60 किलो वाढले, एक माणूस जास्त बसला असं धरलं. तिथेच चुकलं. माणूस पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये बसतो, बंपर पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतो. माझ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 3.1 मीटर आणि बंपर पुढच्या अ‍ॅक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) साधारण 90 सेंटीमीटर पुढे. 60 गुणिले 4 (3.1 आणि 0.9 मिळून), भागिले 3.1, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलवर 77 किलो, आणि मागचा 17 किलोने हलका. नंतर वजनकाट्यावर एकेक अ‍ॅक्सल चढवून पाहिला, तर पुढे 80 जास्त, मागे 20 कमी. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना एका शब्दात कळेल: गाडी धुरजड, म्हणजे पुढून जड, झाली.

पहिला महिना काहीच जाणवलं नाही. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मात्र बसवल्याच दिवशी 20 मिलिमीटरने उतरली होती, आणि चार महिन्यांत आणखी 9 मिलिमीटर गेली. कसारा घाट उतरताना ब्रेक दाबला की नाक आधीपेक्षा जास्त खाली जायचं आणि वर यायला वेळ घ्यायचं. हेडलाइटचा झोत जवळ पडायला लागला. ज्या रात्रीच्या प्रवासासाठी एवढं केलं, त्यातच दिसणं कमी झालं.

9,000 किलोमीटरला डावा शॉकअप तेल सोडायला लागला. पंचवटीतल्या आमच्या मिस्त्रींनी चाक काढून बंप स्टॉपर, म्हणजे स्प्रिंग पूर्ण दबली की दणका झेलणारा रबरी ठोकळा, दाखवला. रबराचं टोक चेपून सपाट झालेलं, कडेने भेगा, आणि लोअर आर्मवर (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीवर) ते जिथे आपटतं तिथला रंग उडून रुपयाएवढी चकचकीत खूण. स्प्रिंग आधीच दबलेली असल्यामुळे खड्ड्यासाठी जागाच उरली नव्हती, प्रत्येक मोठा दणका थेट चासीला जात होता. दोन्ही पुढचे टायर आतल्या बाजूने खाल्लेले, कारण गाडी खाली बसली की चाकं वरून आत झुकतात. डाव्या लोअर बॉल जॉइंटला, म्हणजे ती दांडी चाकाला जोडणाऱ्या खालच्या सांध्याला, प्ले (ढिलेपणा).

मी म्हणालो, "चाचा, मागे टनभर माल असतो, त्याला काही होत नाही."

ते म्हणाले, "भाऊ, मागे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, ते मालासाठीच दिलेत. आणि तो माल वाशीला उतरतो. हा कुठे उतरतो?"

खरंच, रिकाम्या गाडीतही स्प्रिंग दबलेलीच राहत होती.

एका दुकानदाराच्या सांगण्यावरून स्प्रिंगवर स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या, टाकले. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गाडी वर दिसते, पण स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते. शिवाय बॉल जॉइंट वाकड्या कोनात काम करतो. दीड महिन्यात उजवाही वाजायला लागला. जास्त ताकदीची स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप घालणं हा बरोबर उपाय आहे, पण बॉल जॉइंट, बुश (सांध्यांमधले रबर) आणि ब्रेकवरचं जास्तीचं वजन त्याने कमी होत नाही.

कायद्याचंही सांगतो. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे गाडीपुढे बसवलेल्या अशा लोखंडी दांड्या, यांच्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलं होतं. कारण गंभीर आहे: धडकेचा जोर चासीत जातो, एअरबॅगच्या वेळेवर परिणाम होऊ शकतो, आणि पायी चालणारा माणूस समोर आला तर त्याच्यासाठी ते लोखंडच असतं. मला हे आधी वाचायला हवं होतं.

जुलैत बंपर काढला. स्प्रिंगची जोडी, दोन्ही शॉकअप, दोन्ही लोअर बॉल जॉइंट, बंप स्टॉपर नवे घातले, अलाइनमेंट केलं, टायर दोन बदलले. पुढे कंपनीसारखाच प्लॅस्टिक बंपर. हेडलाइटची उंची भिंतीवर खूण करून लावून घेतली. तेव्हापासून 2,500 किलोमीटर झाले. दर रविवारी टेप लावतो, उंची एक मिलिमीटरही हललेली नाही. दिंडोरी रोडला रात्री पन्नासच्या वर जात नाही.