अंगठ्याचं वाढलेलं हाड: बूट बदलावेत की ऑपरेशन करावं?

पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी दिसणारं टेंगूळ सहसा नव्याने उगवलेलं हाड नसतं. पावलातलं पहिलं लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकतं, अंगठा शेजारच्या बोटावर कलतो आणि सांधा बाहेर येतो. डॉक्टर याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. म्हणूनच टेंगूळ नुसतं तासून भागत नाही. हाड तिरकंच राहिलं तर त्रास परत येतो.

ऑपरेशनशिवायच्या उपायांत मी पादत्राणांना सगळ्यांत वर ठेवेन. कागदावर उभं राहून पावलाची रेघ काढा आणि त्यावर आपला बूट ठेवा. बूट रेघेच्या आत बसला, तर दुखण्याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. पुढून रुंद, मऊ आणि कमी टाचेचा बूट घातला की दाब लगेच कमी होतो. बोटांमधली सिलिकॉनची पाचर, इनसोल (बुटात घालायची गादी) आणि रात्रीचा पट्टा यांनी आराम पडू शकतो, पण मोठ्या माणसाचा वाकलेला अंगठा त्यांनी सरळ होत नाही. जाहिराती काहीही दाखवोत.

फिनलंडमध्ये २०९ रुग्णांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २००१ साली आले. सहा महिन्यांनी इनसोलवाल्यांना काहीच न केलेल्यांपेक्षा बरं वाटत होतं, पण वर्षाअखेर तो फरक उरला नाही. सर्वांत कमी दुखणं ऑपरेशन झालेल्यांचं होतं.

मग सरळ ऑपरेशनच का नको? कारण त्याची किंमत पावलाला मोजावी लागते. हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात. ते जुळायला साधारण सहा आठवडे जातात आणि सूज कित्येक महिने रेंगाळते. सांधा आखडणं, बधिरपणा, वाकडेपणा परतणं हे धोके आहेतच. छोट्या छेदाच्या पद्धतीत व्रण लहान राहतो, पण हाड तिथेही कापलेलंच असतं. ते भरून यायला वेळ लागतोच. कोणती पद्धत, हे उभं राहून काढलेल्या एक्स-रेवरून ठरतं. वाकडेपणा सौम्य ते मध्यम असेल तर शेव्हरॉन (हाडाच्या टोकाजवळ V आकाराचा काप), जास्त असेल तर स्कार्फ (हाडाच्या लांबीत Z आकाराचा काप), आणि त्या लांब हाडाच्या मागच्या टोकाचा, पावलाच्या मधला सांधाच ढिला असेल तर लॅपिडस (तो ढिला सांधा जोडून टाकणं). अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलेला असेल तर तो कायमचा जोडून टाकतात: दुखणं जातं, पण अंगठा त्या सांध्यात वाकत नाही.

दुखत नसेल, तर केवळ दिसण्यासाठी ऑपरेशन करू नका, असं मी कळकळीने सांगेन. रुंद बूट घालूनही रोजचं चालणं अवघड झालं असेल, तर मात्र टाळत बसू नका.

शेजारचं बोट हातोडीसारखं वाकलं असेल, तर ते हाताने सरळ होतं का पाहा. होत असेल तर पॅड, व्यायाम किंवा स्नायुबंधावरची छोटी शस्त्रक्रिया पुरू शकते. ताठ झालं असेल तर हाडावर काम करावं लागतं. मधुमेह किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी पाचर किंवा पट्टाही डॉक्टरांना विचारूनच वापरावा, कारण बधिर पायाला घासून झालेली जखम कळतच नाही.