मुरूडची मागची खोली, आठ झापं आणि चतुर्दशीची ओहोटी

पाचपैकी चार तारे. पाचवा बाथरूमच्या दाराने खाल्ला.

आधी माझी मापं सांगते, म्हणजे बाकीचं तुमच्या कामी येईल. वय ४६, पुण्यात बँकेत नोकरी, नऊ वर्षांपासून व्हीलचेअरवर. खुर्ची बाहेरून बाहेर २५ इंच. पर्समध्ये कायम टेप असते. कंगवा राहील एखादवेळ, टेप राहत नाही. लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून नवऱ्याने विचारलं, काय हवंय? म्हटलं, समुद्र. आणि एक अख्खा दिवस तू हमाल नकोस.

म्हणून मुरूड. दापोलीचं, अण्णा कर्व्यांचं, जंजिऱ्याचं नव्हे. इथली वाळू सपाट आणि दाबल्यासारखी घट्ट, हे माहीत होतं. ज्या वाळूवर घोडागाड्या पळतात, तिथे मी का नको?

बुकिंग करताना आम्ही उतरणार त्या घराच्या मालकांना फोनवर विचारलं, "काका, पायऱ्या किती?"

"छे हो, पायऱ्या नाहीतच."

कोकणात पायऱ्या नाहीत म्हणजे तीन असतात. ओटीच्या तीन, मिळून उंची २१ इंच. इंचाला फूटभर उतार हा नियम धरला तर इथे २१ फुटांचा रॅम्प हवा. काकांनी आणली आठ फुटांची फळी. ती लावली आणि समोर घसरगुंडी उभी राहिली. नवरा मागून, गडी पुढून, मी डोळे मिटून. वर पोचल्यावर काका म्हणाले, "ह्याला तुम्ही पायऱ्या म्हणता होय!" खवचटपणा नव्हता हो त्यात, ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते.

पण मग काकूंनी एकच प्रश्न विचारला, आणि तोही थेट मला. एरवी लोक माझ्या डोक्यावरून नवऱ्याला विचारतात, "मॅडम चहा घेतील का?" काकू म्हणाल्या, "तुला रोज कुठे कुठे अडतं, ते सांग." मी सांगितलं. अर्ध्या तासात आम्ही पुढची एसी खोली सोडून मागच्या खोलीत. ही वाडीच्या बाजूला, अंगणाच्या पातळीवर, उंबरठा जेमतेम इंचभर. पलंग गादीसकट १९ इंच, म्हणजे माझ्या सीटइतकाच. सरकलं की झालं. एसी नाही, पंखा कुरकुरतो. ही खोली ते पाहुण्यांना सहसा देतच नाहीत, कारण "साधी आहे".

आता बाथरूम. दार २३ इंच. कमोड आहे, गरम पाणी धो धो आहे, पण खुर्ची आत जात नाही आणि धरायला भिंतीत एक दांडी नाही. शेवटी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल दारात ठेवलं आणि मी खुर्चीवरून स्टुलावर, स्टुलावरून कमोडवर, अशी पाय बदलत नव्हे, बूड बदलत गेले. मला हातांचं बळ आहे म्हणून जमलं. ज्यांना ते नाही त्यांनी हे वाचून विचार करावा. जाहिरातीत "व्हीलचेअर चालेल" असं लिहिलंय. ते काढा आणि तिथे दारांचे इंच लिहा, एवढंच काकांना सांगून आले.

समुद्राची वेळही काकांनीच काढून दिली, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. दत्तजयंतीचा आदला दिवस होता, चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. त्यात सहा तास आणि वर थोडं मिळवलं की ओहोटी पावणेपाचच्या आसपास. शिवाय पौर्णिमा जवळ, उधाणाचे दिवस, त्यामुळे पाणी पार आत जाणार आणि ओली, कडक पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, भरपूर मोकळी होणार. अष्टमीला आला असतात तर संध्याकाळी भरती, म्हणाले, म्हणजे तुमच्या वाट्याला नुसती वरची भुसभुशीत वाळू. इतकी वर्षं मी हॉटेलांचे फोटो बघून सुट्ट्या ठरवत होते. तिथी बघायची कुणी सांगितलंच नव्हतं!

साडेचारला वाडीतून निघालो. सुपारीखालून वाट बरी आहे, मागचं बेडं, म्हणजे वाडीचं फाटक, काकांनी सकाळीच काढून ठेवलं होतं. खरी परीक्षा त्यापुढची चाळीसेक पावलं. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची लहान चाकं रुततात आणि माणूस तोंडावर येतो, म्हणून खुर्ची उलटी करून, मागच्या चाकांवर कलवून ओढावी लागते. नवरा बाही सरसावत होता, तेवढ्यात गडी डोक्यावर झापं घेऊन आला. नारळाच्या झावळांची विणलेली, मांडवाला घालतात ती. आठ होती. एकापुढे एक अंथरली, मी सरकले की मागचं उचलून पुढे. चाकाखाली चर्र चर्र वाजायचं, वाळलेला पापड मोडावा तसं. खुर्ची रुतली नाही.

ओल्या वाळूवर आल्यावर मी चाकांवर हात ठेवले आणि निघाले. एकटी. मागे वळून पाहिलं तर नवरा शेजारून चालत होता, त्याचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. आधी मागे बांधले, मग सोडले, शेवटी खिशात घातले.

"सवय नाही ना?" मी म्हटलं.

"तू बघ समोर, खेकडे आहेत."

तासभर आम्ही काहीही केलं नाही. दूर वाळूवर फिरवायच्या त्या चार चाकांच्या बाइक घुरघुरत होत्या, पण सुट्टीचा वार नसल्याने दोनच. तो वाळूवर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन आले. पायांना कळत नाही, पण हाताला उडालेलं पाणी गार होतं. नारळांमागून चंद्र वर आला तेव्हा इकडे सूर्य अजून शिल्लक होता. पाणी वर चढायच्या आत परत या, असं काकांनी बजावलेलं, म्हणून त्याला उठवावं लागलं. नाहीतर नसतं उठवलं.

रात्री कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, ओल्या नारळाची चटणी. भाकरी तव्यावरून थेट ताटात. जेवणाला मी पाच तारे देईन, सहा असते तर सहा. दुसऱ्या दिवशी हर्णैला मासळीचा लिलाव आणि समोरचा सुवर्णदुर्ग गाडीच्या खिडकीतूनच पाहिला. वाटेत, जाता-येता, माझी खुर्ची शिरेल असं स्वच्छतागृह आम्हाला एकही सापडलं नाही. पाणी बेताने प्यायचं, दुसरं काय.

जाणाऱ्यांसाठी: जुनी खुर्ची न्या. परतल्यावर लगेच गोड्या पाण्याने चाकं धुवा, बेअरिंगला तेल सोडा. मी आळस केला, आता बँकेत सगळ्यांना माझी चाहूल आधीच लागते. बाथरूमसाठी बिनहाताचं स्टूल मागून घ्या.

निघताना काका माझी टेप मागून बाथरूमचं दार मोजत होते. सुतार फोनवर म्हणाला, चौकटच काढावी लागेल. बघू. आमचं पुढचं बुकिंग फेब्रुवारीतल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशीचं आहे. मागची खोली सोडून हवी ती घ्या.