जुन्या गाडीचा टायमिंग बेल्ट: आत्ताच बदलायचा की अजून चालवायचा?

गाडी दहा-बारा वर्षांची, मीटरवर जेमतेम 65,000 किलोमीटर, इंजिनाचा आवाज एकदम स्वच्छ. मिस्त्री म्हणतो, टायमिंग बेल्ट (पिस्टनच्या हालचालीशी व्हॉल्व्हची उघडझाप जुळवून ठेवणारा इंजिनाचा दातेरी पट्टा) बदलून घ्या. ओळखीचे म्हणतात, चाललंय ना व्यवस्थित, मग कशाला खोलता? अशा वेळी बहुतेक लोक ओळखीच्यांचं ऐकतात, कारण खर्च टळतो. माझं मत मिस्त्रीच्या बाजूने आहे. मात्र सगळ्या गाड्यांना एकच न्याय लावता येत नाही.

आधी बघा, बेल्ट आहे की चेन

मारुती 800, ओम्नी, जुनी झेन, एस्टीम, सँट्रो आणि इंडिका डिझेल या गाड्यांत बेल्ट आहे. डस्टर डिझेल, पोलो-व्हेंटोचं टीडीआय डिझेल आणि इनोव्हाचं 2.5 डिझेल यांतही बेल्टच. स्विफ्टचं 1.3 डिझेल आणि इटिऑस डिझेल हेच काम करणाऱ्या धातूच्या चेनवर चालतात. गाडीच्या नावावर मात्र जाऊ नका. आय-टेनच्या 1.1 इंजिनाला बेल्ट आहे, 1.2 कप्पा इंजिनाला चेन. जुन्या वॅगन-आरला बेल्ट होता, के-सीरिज इंजिन आलं तेव्हा चेन आली. चेन बदलायची ठरलेली मुदत सहसा नसते. ती सैल झाली की सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखडते, म्हणजे आधी कळवते तरी. बेल्ट बहुतेक वेळा काहीच कळवत नाही.

किलोमीटर की वर्षं?

जुन्या गाडीचे मालक इथेच फसतात. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, अमुक किलोमीटर किंवा अमुक वर्षं, आणि पुढे 'जे आधी येईल ते'. आपण किलोमीटर वाचतो आणि वर्षं विसरतो. आकडा इंजिनाप्रमाणे बदलतो. कुठे 60,000, कुठे एक लाख, कुठे त्याहून जास्त. वर्षं साधारण पाच ते दहाच्या दरम्यान. आपल्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्याच्या गाडीवरून ठरवू नका.

बेल्ट रबराचा असतो, आत काचेच्या धाग्यांची दोरी. गाडी पार्किंगमध्ये पडून असली तरी रबराचं वय वाढतच असतं. आणि कमी रनिंग म्हणजे कमी झीज, हेही शहरात खरं नाही. घोडबंदर रोडवर किंवा हिंजवडीच्या सिग्नलला गाडी उभी असते, पण इंजिन चालू असतं आणि बेल्ट फिरत असतो. हिशेब करून बघा. सरासरी ताशी 20 च्या वेगाने 60,000 किलोमीटर म्हणजे इंजिन 3,000 तास चाललं. हायवेवर ताशी 60 ने तेवढंच अंतर 1,000 तासांत होतं. मीटर दोघांचं सारखंच, पण शहरातल्या बेल्टने तिप्पट तास काढले, तेही बॉनेटखालच्या कोंडलेल्या उष्णतेत. म्हणून शहरातल्या जुन्या, कमी चाललेल्या गाडीला मी वर्षांचाच आकडा लावीन.

सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचं बिल किंवा जॉब कार्ड मिळालं नाही, तर तो बदललेलाच नाही असं धरा. 'मागच्या मालकाने केलं असेल' या भरवशावर गाडी घाटात नेऊ नका.

उघडून बघून थांबणं

'वरचं कव्हर काढून बघतो, चांगला असेल तर राहू द्या,' असं काही गॅरेजवाले सांगतात. वरचं कव्हर बहुतेक गाड्यांत चार-दोन बोल्ट किंवा क्लिपा काढल्या की निघतं. टॉर्च मारून बघा. कडेचे धागे निघालेत का, पाठीवर बारीक तडे आहेत का, दातांच्या मुळाशी चीर आहे का, बोटाला तेल लागतंय का? यातलं एक जरी दिसलं तरी बेल्ट लगेच बदला. तेल किंवा कूलंट लागलेला बेल्ट तर अजिबात चालवू नका, आणि ती गळती आधी बंद करून घ्या.

पण काहीच दिसलं नाही, तर? तरी बेल्ट चांगला आहे असं ठरत नाही. अलीकडच्या बेल्टचं रबर पूर्वीपेक्षा चिवट असतं. ते वरून धडधाकट दिसतं आणि आतली दोरी थकलेली असते. तपासणीने वाईट बेल्ट सापडतो, चांगल्याची हमी मिळत नाही. मुदत संपायला वेळ असेल तेव्हा तपासणी ठीक, मुदत संपल्यावर ती निव्वळ चालढकल आहे.

तुटला तर काय?

डिझेलमध्ये पिस्टन वर आला की हेडशी (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) जागाच उरत नाही, कारण कॉम्प्रेशन जास्त लागतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट थांबतो, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि वाकतात. म्हणजे हेड उतरवायचं. त्या कामाचा खर्च बेल्टच्या किटच्या कितीतरी पट येतो. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत मधे पुरेशी जागा असते, तिथे नवा बेल्ट टाकला की गाडी सुरू होते. तुमचं इंजिन कोणत्या जातीचं आहे, ते इंजिन कोड सांगून विचारा. पण जागा असली तरी कसाऱ्याच्या घाटात इंजिन बंद पडणं सारखंच धोक्याचं. पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत दोन-चार दाबांत संपते. असं झालं तर परत परत स्टार्टर मारू नका. बेल्ट तुटलेलं इंजिन स्टार्टरवर हलकं, भरभर फिरतं. तो आवाज आला की टो करूनच न्या.

नुसता बेल्ट की पूर्ण किट

पूर्ण किट, म्हणजे बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली), यात मला शंका नाही. खरी मेहनत तिथवर पोचण्यात आहे. इंजिनाखाली जॅक, बऱ्याच गाड्यांत एका बाजूचं माउंटिंग काढायचं, क्रँक पुली (इंजिनाच्या मुख्य दांड्यावरची) उतरवायची. एवढं उघडून जुना टेन्शनर आणि आयडलर तसेच ठेवले आणि वर्षभरात त्यांचं बेअरिंग खराब झालं, तर नवा बेल्टही जातो. वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरत असेल (डस्टर डिझेल, टीडीआय), तर तोही घ्या. मारुती 800 मध्ये पंप बाहेरच्या फॅन बेल्टवर आहे, तिथे गळत नसेल तर राहू द्या. कॅम आणि क्रँकचे ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी रिंगा) मात्र दोन्ही प्रकारच्या गाड्यांत बदला.

कंपनीत की बाहेर

जुन्या सँट्रोसाठी नेहमीचा हुशार मिस्त्री पुरे. टीडीआय किंवा डस्टरसाठी लॉकिंग टूल (काम चालू असताना कॅम आणि क्रँक जागेवर धरून ठेवणारं अवजार) आहे का, एवढं आधी विचारा. कॅम आणि क्रँकची जागा जुळवायच्या खुणा नुसत्या खडूने मारून काम करणारा नको. बेल्ट बसवल्यावर मिस्त्री क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत जुळतात का बघतो का, हे उभं राहून पाहा. जो हे न सांगता करतो, त्याच्याकडे पुढचंही काम द्या. जुना बेल्ट मागून घ्या. इकोस्पोर्टच्या 1.0 इकोबूस्टचा बेल्ट तेलात फिरतो. ते काम त्या इंजिनाची माहिती असलेल्याकडेच द्या आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच वापरा.

गाडी विकायचीच असेल तर

15 वर्षं भरत आली आहेत आणि आरसी नूतनीकरण करून पुढची पाच वर्षं गाडी ठेवायची आहे? मग पासिंगच्या खर्चातच बेल्ट धरा. दोन-तीन महिन्यांत विकणार असाल, गाडी गावातल्या गावातच फिरत असेल आणि मुदत नुकतीच उलटली असेल, तर थांबलात तरी मी समजू शकतो. फक्त तोवर लांबचा प्रवास टाळा आणि घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, बेल्ट बदलायचा आहे, तेवढे पैसे किमतीतून कमी करा.