दम्यावरचा सहा महिन्यांचा सीएमई कोर्स: माझेच २५ केसपेपर माझ्यासमोर

सीएमई म्हणजे आम्हा डॉक्टरांचं पदवीनंतरचं सततचं शिक्षण. या कोर्सला नाव नोंदवलं त्या दिवशी व्हिडिओ, स्लाइड असं काही आलं नाही. आली ती एक सूचना. दम्याच्या प्रौढ पेशंटांचे शेवटचे २५ केसपेपर काढा, नावं झाका आणि मोजा: स्टिरॉइडचा (श्वासनलिकांची सूज कमी करणारा) इन्हेलर किती जणांना दिला आहे, नुसत्या साल्ब्युटामॉलवर (लगेच आराम देणाऱ्या पंपावर) किती जण आहेत, वर्षात साल्ब्युटामॉलचे तीन किंवा त्याहून जास्त कॅनिस्टर (पंपातल्या औषधाच्या डब्या) कोणी संपवले आणि पेशंट इन्हेलर कसा घेतो हे प्रत्यक्ष पाहिल्याची नोंद किती ठिकाणी आहे.

मला प्रॅक्टिसमध्ये तेवीस वर्षं झाली. हे मोजण्यात एक अख्खी सुट्टी गेली. २५ पैकी ११ जण नुसत्या साल्ब्युटामॉलवर निघाले. त्यातल्या चौघांनी वर्षात तीनापेक्षा जास्त कॅनिस्टर संपवले होते. इन्हेलर घेताना पाहिल्याची नोंद फक्त दोन कागदांवर होती. मी बराच वेळ तो तक्ता समोर धरून बसले.

लागलं ते याचं की हे मला माहीत होतं. दम्याच्या उपचारांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जीना’ गाइडलाइनने २०१९ साली स्पष्ट सांगितलं की प्रौढांना आणि १२ वर्षांपुढच्या मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊ नका, दमा सौम्य असला तरी त्यांच्या उपचारात इन्हेलरमधून स्टिरॉइड हवंच. त्याच वर्षी मी त्यावरचं व्याख्यान ऐकलं होतं, टिपणं काढली होती, क्रेडिटही (सीएमईचे गुण) मिळालं होतं. व्याख्यान चांगलं होतं. तरी माझं प्रिस्क्रिप्शन ११ जणांसाठी होतं तिथेच राहिलं.

असं का होतं, यावर कोर्सचा दुसरा भाग आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. साल्ब्युटामॉलने काही मिनिटांत धाप कमी होते. पेशंट खूश होतो, पुढच्या खेपेला ‘तोच पंप द्या’ म्हणतो आणि गर्दीच्या ओपीडीत आपण तोच लिहून देतो. श्वासनलिकांची सूज मात्र आत तशीच चालू असते. साल्ब्युटामॉल आवळलेले स्नायू सैल करतं, सुजेला हात लावत नाही. वर्षाला तीन किंवा जास्त कॅनिस्टर लागत असतील तर दमा उसळण्याचा धोका वाढलेला असतो, बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचाही. हे आकडे पूर्वी वाचनात आले होते, पण माझ्याच कागदांवरून ते चौघे समोर आल्यावर त्यांचा अर्थ लागला. त्या संध्याकाळी मी चौघांनाही फोन करून बोलावून घेतलं.

तिसऱ्या भागात आपणच कॅमेऱ्यासमोर दोन प्रकारचे इन्हेलर घेऊन दाखवायचे असतात. फवाऱ्याचा इन्हेलर हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबत दाबत सावकाश खोल श्वास घ्यायचा आणि जमेल तितका, साधारण दहा सेकंद, रोखायचा. पावडरच्या इन्हेलरला याच्या उलट जोरात, झटक्यात ओढावं लागतं. मी आधी श्वास सोडायलाच विसरले. म्हणजे इतकी वर्षं पेशंटना दाखवतानाही ती पायरी माझ्याकडून सुटत असणार. ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे इन्हेलर आहेत त्यांचा किती गोंधळ होत असेल हेही तेव्हाच ध्यानात आलं. आता मी शक्य तिथे एकाच प्रकारचं साधन देते, आणि स्टिरॉइडनंतर चूळ भरायची हे पेशंटकडूनच वदवून घेते.

मोजणीनंतर पंधरा दिवसांनी कोर्सकडून एका अनुभवी सहव्यवसायी डॉक्टरांचा फोन आला. अर्धा तास बोलणं झालं. उपदेश नव्हता. ‘या अकरा जणांपैकी पहिले तीन कोण घेणार?’ असं त्यांनी विचारलं. पाठोपाठ लेखी कागद आला: माझे आकडे, तीन महिन्यांचं उद्दिष्ट आणि माझ्याच शब्दांत लिहिलेली योजना. या पद्धतीला आधार आहे. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१२ साली ऑडिट आणि फीडबॅकवरच्या (कामाची मोजणी करून ती डॉक्टरांना कळवण्यावरच्या) १४० अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात योग्य उपचार होण्याचं प्रमाण मध्यकाने ४.३ टक्के-बिंदूंनी वाढलेलं दिसलं. वाढ छोटी आहे. पण सुरुवातीचं काम कमी पडत असेल, फीडबॅक वरिष्ठाकडून किंवा सहकाऱ्याकडून, तोंडी आणि लेखी असा दोन्ही प्रकारे आणि एकाहून जास्त वेळा मिळत असेल, सोबत उद्दिष्ट आणि योजना असेल, तर परिणाम जास्त होतो. कोर्सची आखणी करणाऱ्यांनी हे सगळं मनापासून पाळलं आहे.

दर आठवड्याला फोनवर दोन प्रश्न येत. आधी चुकलेला प्रश्न काही दिवसांनी वेगळ्या पेशंटच्या रूपात पुन्हा समोर येई. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ साली विसरण्याचा जो आलेख मांडला, त्यावरचा हा साधा उपाय. मला त्याचा फार उपयोग झाला.

आता कमी पडलेल्या गोष्टी. आकडे भरण्याचा फॉर्म त्रासदायक आहे. मध्येच बंद पडतो आणि भरलेलं पुसलं जातं. माझे सात कागद दोनदा भरावे लागले. कोर्सला जोडलेली रक्तदाब मोजण्यावरची पुरवणी उत्तम आहे (पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, पाच मिनिटं शांत बसल्यावर, कफ लहान पडला तर आकडा खोटाच जास्त येतो), पण हृदयविकार आणि दमा एकत्र असलेल्या पेशंटवर जेमतेम एक पान आहे. बीटा ब्लॉकर (हृदयाचं औषध, पण दम्यात श्वासनलिका आवळू शकतं) द्यायचा की नाही, कोणता, किती, यावर रोज अडायला होतं. तिथेच कोर्स घाईने पुढे सरकतो. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांचाही विचार कमी झाला आहे. ‘तुमच्या नर्सला हे काम द्या’ असं तीन ठिकाणी लिहिलं आहे, जिच्याकडे नर्स नाही तिने काय करायचं?

ज्यांना फक्त क्रेडिट पूर्ण करायचं आहे त्यांच्यासाठी हा कोर्स नाही. आठवड्याला दोन तास आणि स्वतःचे कागद उघडून बघायची तयारी लागते. प्रॅक्टिसमध्ये दहा वर्षांहून जास्त झालेल्यांनी तर जरूर करावा. आपल्याला काय येतं याचा आपलाच अंदाज फार भरवशाचा नसतो, हे २००६ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यातही दिसलं होतं. माझा तर अजिबात भरवशाचा नव्हता.

तीन महिन्यांनी दुसरी मोजणी केली. नवे २५ केसपेपर, नुसत्या साल्ब्युटामॉलवर तिघे. एकाने स्टिरॉइडला साफ नकार दिला आहे, दोघे बोलावूनही अजून आलेले नाहीत. इन्हेलर घेताना पाहिल्याची नोंद १९ कागदांवर. एका दवाखान्यातल्या २५ कागदांवरून कोर्स सिद्ध होत नाही, पण रात्री धाप लागून उठणाऱ्या एक बाई त्या चौघांपैकी आहेत आणि दोन महिने त्या सलग झोपत आहेत.

सहा महिने संपले की कोर्सकडून काहीच येत नाही, हा मोठा दोष. तिसऱ्या मोजणीची तारीख मीच टेबलावरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात ‘पंप घेताना पाहिलं’ असा एक चौकोन छापून घेतला आहे.