रिफर्बिश्ड लॅपटॉप घेताय? बायोसचा पासवर्ड आधी काढायला लावा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी लेनोवोचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला आणि ठीकठाक करून पुन्हा विकायला काढलेला, थिंकपॅड टी४८० लॅपटॉप घेतला. २१,५०० रुपये. "बँकेचा लीज रिटर्न माल आहे मॅडम, रॅम कधीही वाढवा." आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, म्हणजे विंडोज ११ चालणार, रॅमचे दोन स्लॉट. हे सगळं वाचूनच गेले होते, त्यामुळे 'माहिती नसताना कशाला घेतला' असं कुणी म्हणू नये.

तो क्षण आठवला की अजून डोकं फिरतं. बायोस (विंडोजच्याही आधी चालू होणारा, मशीनच्या मूळ सेटिंग्जचा भाग) दाखवा, असं मीच म्हटलं. दुकानदाराने मशीन चालू करतानाच एफ-वन दाबलं. स्क्रीनवर कुलपाचं चित्र आणि पासवर्डचा रिकामा चौकोन आला. त्याने नुसतं एंटर मारलं आणि आत गेला. प्रोसेसर, रॅम, सीरियल नंबर, सगळं बरोबर. "हा पासवर्ड कसला?" "कंपनीच्या मशीनला असतोच मॅडम, काही होत नाही." तिथूनच उठायचं होतं! पण पासवर्ड न टाकता आत जाता येतंय हे डोळ्यांनी दिसत असताना शंका कुणाला येईल? एंटर मारून आत गेलं तर सेटिंग्ज फक्त बघता येतात, बदलता येत नाहीत. हे त्याला पक्कं माहीत होतं.

कॉलेजचं सॉफ्टवेअर अडकायला लागलं म्हणून ३,२०० ची १६ जीबी रॅम आणली. रिपेअरवाल्याने ३०० घेऊन खालचं कव्हर उघडलं, रॅम बसवली. चालू केल्यावर मशीन सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा तोच मुख्य पासवर्ड, मागत तिथेच थांबलं. आता एंटरने काही होत नाही. कव्हर उघडलं की पासवर्ड मागायची सेटिंग थिंकपॅडमध्ये असते, ती जुन्या मालकाने चालू ठेवलेली. हा पासवर्ड माहीत नसेल तर लेनोवोचं सर्व्हिस सेंटरही तो काढून देत नाही, मदरबोर्डच बदलावा लागतो. दुकानदाराचं उत्तर: "सील तुम्ही तोडलं, वॉरंटी गेली. बोर्डाचे ९,००० होतील." रॅम वाढवा म्हणणारा हाच माणूस!

बिल जीएसटी नंबर आणि सीरियल नंबर असलेलंच घ्या. 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी चालवून घेऊ नका. यूपीआय दुकानाच्या नावावरच करा.

चौकीत सांगितलं, "हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." सायबरवाले म्हणाले, "ऑनलाइन घेतलाय का? मग आमच्याकडे येत नाही." अर्जावर पोच मागितली तर साहेब बाहेर गेलेत. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने 'ग्राहकाने मशीन उघडलं' एवढं एक वाक्य लिहून दिलं आणि तक्रार बंद, मला साधा फोनसुद्धा नाही. दुसऱ्याच्या पासवर्डने कुलूपबंद असलेली मशीनं बाजारात येतात कुठून, चोरीची तर नाहीत ना, हा प्रश्न एकाही खुर्चीवरच्या माणसाला पडला नाही. सीरियल नंबर मी कागदावर लिहून दिला होता, तो कुणी वाचलासुद्धा नाही. पगार कसला घेतात हे लोक?

मी २५,००० सोडणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे. वकील परवडत नसेल तरी स्वतः दाखल करता येते. बोर्ड बदलायचा नाही असं ठरवलंय, कारण ते लॉक झालेलं मशीन हाच माझा पुरावा आहे.

आणि थिंकपॅड घेत असाल तर दुकानात मशीन चालू होताना एफ-वन स्वतःच्या हाताने दाबा. कुलूप दिसलं तर पासवर्ड तुमच्यासमोर काढायला सांगा, मशीन पुन्हा चालू करून बघा, मगच पैसे द्या.